अमेरिकेत मुलांसाठी सॉकर क्लब निवडताना: रेक, ट्रॅव्हल आणि नव्या पालकांची तयारी

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची घराची आणि शाळेची व्यवस्था लागली की सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवारी सकाळी एक दृश्य हमखास दिसते. शेजारची मुले गुडघ्यापर्यंत मोजे चढवून गाडीत बसत असतात आणि आईवडील डिकीत घडीच्या खुर्च्या कोंबत असतात. दोन-तीन आठवड्यांत आपलेही मूल विचारते, ‘‘मी कधी जायचं?’’ त्या प्रश्नापासून क्लबच्या निवडीपर्यंत काय काय करावे लागते, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला इथे सॉकर म्हणतात, एवढे आधीच पक्के करून घ्यावे. नावनोंदणीच्या यादीत ‘फ्लॅग फुटबॉल’ दिसते, तो हातात चेंडू घेऊन पळण्याचा वेगळा खेळ आहे, आणि त्यात मुलाचे नाव घालून बसलेले पालक मी पाहिले आहेत.

आधी रचना समजून घ्यावी

प्राथमिक शाळेच्या वयाचा सॉकर इथे बहुतेक ठिकाणी शाळेत नसतो, तो क्लबमध्ये असतो. शाळेचे संघ मिडल स्कूल किंवा हायस्कूलमध्ये सुरू होतात. क्लब दोन प्रकारचे आढळतात. एक गावाचा, म्हणजे टाउनशिपच्या मैदानांवर चालणारा आणि बहुतांशी पालकांच्या समितीने चालवलेला. दुसरा आजूबाजूच्या अनेक गावांतून खेळाडू घेणारा मोठा क्लब, ज्याचे प्रशिक्षक पगारी असतात. ज्यांनी कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा संघ आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी पाहिली आहे, त्यांना पहिला प्रकार लवकर उमजेल, कारण गावाचे नाव लिहिलेल्या शर्टाविषयी तशीच आपुलकी इथेही असते. दुसऱ्या प्रकारात आपुलकीपेक्षा कराराचा भाग मोठा असतो, हे मनात ठेवलेले बरे.

या सर्वांच्या वर १९१३ साली स्थापन झालेले युनायटेड स्टेट्स सॉकर फेडरेशन आहे. त्याच्या सदस्य संघटनांपैकी यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि १९६४ साली कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे सुरू झालेली एवायएसओ (अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन) या तिघांची नावे नव्या पालकाच्या कानावर वारंवार पडतील. आपला क्लब यांपैकी कोणाशी संलग्न आहे हे विचारून ठेवावे. विमा, प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासणी आणि वयोगटाचे नियम त्या संलग्नतेतूनच येतात.

बहुतेक क्लब दोन कार्यक्रम चालवतात. ‘रेक’, म्हणजे रिक्रिएशनल, हा सर्वांना खुला असतो. त्यात निवड चाचणी नसते, आठवड्यातून एक सराव आणि एक सामना असतो, सामने गावातल्या गावात होतात आणि प्रशिक्षक म्हणून कोणा मुलाचे आईवडील विनामोबदला उभे असतात. ‘ट्रॅव्हल’मध्ये निवड चाचणी, म्हणजे ट्रायआउट, असते, आठवड्यातून दोन-तीन सराव होतात, सामन्यांसाठी दुसऱ्या गावांना जावे लागते आणि शुल्क कित्येक पटींनी अधिक असते. काही क्लब सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी दोहोंच्या मधला ‘अकॅडमी’ किंवा ‘रेक प्लस’ असा वर्गही ठेवतात. हा मधला वर्ग नव्या कुटुंबांना फार सोयीचा असूनही त्याची चौकशी कमी लोक करतात.

मुलाचा वयोगट काढावा

वयोगट ‘यू-८’, ‘यू-१०’ अशा अक्षरांनी लिहितात; ‘यू’ म्हणजे ‘अंडर’, त्या वयाच्या आतले. गेली काही वर्षे तो जानेवारी ते डिसेंबर या जन्मवर्षावरून ठरत होता, त्यामुळे एकाच वर्गातली मुले दोन वेगळ्या गटांत विभागली जात. २०२६-२७ च्या हंगामापासून वर उल्लेखलेल्या तिन्ही संघटनांनी १ ऑगस्ट ते ३१ जुलै अशी मोजणी ठरवली आहे. ओळखीच्या पालकाने दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून सांगितलेला गट म्हणूनच धरून चालू नये.

गटानुसार खेळही बदलतो. लहान मुलांना मोठ्या मैदानावर अकरा-अकराने खेळवण्याची पद्धत फेडरेशनने २०१७ पासून बंद केली. यू-८ पर्यंत चार विरुद्ध चार, तेही गोलरक्षकाविना. यू-१० पर्यंत सात. यू-१२ पर्यंत नऊ. आणि पूर्ण अकरा जणांचा संघ यू-१३ पासून, अशी विभागणी आहे. चेंडूही त्याप्रमाणे ३, ४ आणि ५ क्रमांकाचा लागतो. घरी सरावासाठी चेंडू घेताना ‘मोठा घेऊ, पुढेही उपयोगी पडेल’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे चुकतो, कारण पाच क्रमांकाच्या चेंडूवर सहा वर्षांच्या मुलाचा पाय नीट बसत नाही. चेंडू डोक्याने मारणे दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मना आहे आणि अकरा ते तेरा या वयात सरावात त्यावर मर्यादा आहे. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांच्या चिंतेतून २०१५ साली फेडरेशनने हा निर्णय जाहीर केला. एखादा प्रशिक्षक आठ वर्षांच्या मुलांना ‘हेडिंग’ शिकवताना दिसला, तर त्या क्लबविषयी पुढे फारशी चौकशी करण्याची गरज उरत नाही.

पहिला हंगाम रेकमध्ये काढावा

मूल नऊ वर्षांच्या आतले असेल आणि पूर्वी संघात खेळलेले नसेल, तर माझे मत स्पष्ट आहे: पहिले वर्ष रेकमध्येच काढावे. याला आक्षेप घेणारे पालक बहुधा आपल्याकडच्या शाळांतल्या ‘अ’ तुकडीचा विचार करत असतात. निवड झाली म्हणजे हुशार, निवड नाही म्हणजे मागे, अशी आपल्या मनाची घडण प्रवेशपरीक्षांनी केलेली असते आणि ट्रायआउट हा शब्द ऐकताच ती जागी होते. प्रत्यक्षात मोठ्या क्लबांत एकाच वयोगटाचे तीन-चार संघ असतात. चाचणीला आलेल्या बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या संघात जागा मिळते, आणि चौथ्या संघाचे शुल्क पहिल्या संघाइतकेच असू शकते.

रेकमध्ये मुलाला चेंडू पायाशी येण्याची संधी भरपूर मिळते. एवायएसओच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवावाच लागतो आणि संघ समतोल राहतील अशी खेळाडूंची वाटणी दर हंगामात केली जाते. गावांच्या अनेक रेक लीगमध्येही तसाच दंडक असतो. उणीवही सांगितली पाहिजे. प्रशिक्षक स्वयंसेवक असल्याने दर्जा नशिबावर असतो, आणि एखाद्या वर्षी सराव म्हणजे नुसती पळापळ होते. तरीही नावनोंदणीच्या अर्जात ‘सहायक प्रशिक्षक व्हाल का’ असा प्रश्न असतो, तिथे होकार द्यावा असे मी सुचवीन. खेळ येत नसला तरी चालते. शंकू मांडणे, बुटांच्या नाड्या बांधणे आणि सात मुलांना एका दिशेला तोंड करून उभे करणे हेच मुख्य काम असते, आणि त्या निमित्ताने गावातल्या दहा घरांशी ओळख होते, जी एरवी वर्षभरात होत नाही.

ट्रॅव्हलचा विचार केव्हा आणि कसा करावा

मूल सामना नसलेल्या दिवशीही अंगणात आपणहून चेंडू घेऊन जात असेल, रेकमध्ये त्याला आव्हान उरले नसेल आणि घरातल्या कोणाकडे तरी आठवड्याच्या चार संध्याकाळी मोकळ्या असतील, तर ट्रॅव्हलकडे पाहावे. यांतली तिसरी अट लोक विसरतात. मैदान घरापासून २५ मिनिटांवर असेल आणि तीन सराव व एक सामना धरला, तर आठवड्याला केवळ गाडीत २०० मिनिटे जातात, तीही स्वयंपाकाच्या आणि गृहपाठाच्या वेळेत. दूरच्या नामांकित क्लबपेक्षा दहा मिनिटांवरचा मध्यम क्लब चांगला, असे मी निःसंकोचपणे सांगतो.

क्लबच्या जाहिरातीत लीगची अक्षरे ठळक छापलेली असतात. मुलींसाठी २००९ आणि मुलांसाठी २०१७ साली सुरू झालेली ईसीएनएल, २०२० सालची एमएलएस नेक्स्ट, त्याच वर्षीची गर्ल्स अकॅडमी ही त्यांतली वरची नावे. दहा वर्षांच्या मुलाच्या पालकाने या अक्षरांवर निर्णय घेऊ नये. फेडरेशनने २००७ साली सुरू केलेली डेव्हलपमेंट अकॅडमी ही लीग एकेकाळी अशीच अखेरची पायरी मानली जात होती. एप्रिल २०२० मध्ये ती बंद झाली आणि तिच्या नावावर खेळाडू गोळा केलेल्या क्लबांना दुसरी अक्षरे शोधावी लागली. शिवाय सर्वोच्च पातळीवरच्या काही संघांत असलेल्या मुलाला हायस्कूलच्या संघातून खेळता येत नाही. ही अट पुढे मोठी अडचण ठरते, म्हणून आधी विचारावी.

कॉलेजप्रवेशाचा मुद्दाही इथेच मिटवतो, कारण आपल्या गप्पांत तो पहिल्या पाच मिनिटांत येतो. प्रिन्स्टनसह सर्व आयव्ही लीग विद्यापीठे (पूर्वेकडची आठ नामांकित विद्यापीठे) आणि डिव्हिजन थ्रीची, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरातली, महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. इतरत्र मिळते, पण थोड्यांना, आणि तीही अनेकदा अंशतः. दहा वर्षे भरलेले शुल्क त्या मार्गाने परत मिळेल या हिशेबाने ट्रॅव्हलमध्ये जाऊ नये.

प्रशिक्षकाला सराव घेताना पाहावे

सबंध निवडीत सर्वांत अधिक वेळ या पावलाला द्यावा. क्लबच्या संचालकाचे भाषण ऐकून निघून न येता, आपल्या मुलाच्या वयोगटाचा साधा सराव कुठल्या मैदानावर किती वाजता असतो ते विचारून घ्यावे आणि कुंपणाबाहेर उभे राहून पूर्ण तासभर पाहावे. बारा मुले आणि एकच चेंडू असेल, मुले रांगेत उभी राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत असतील, तर त्या तासात प्रत्येकाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला ते मनातल्या मनात मोजावे. चांगल्या सरावात प्रत्येकाकडे चेंडू असतो, खेळ छोटे-छोटे आणि सतत चालू असतात, आणि प्रशिक्षकाचे बोलणे थोडे असते. संघातले सर्वांत कच्चे मूल ओळखून त्याच्यावर नजर ठेवावी. त्याच्याकडून चेंडू निसटल्यावर प्रशिक्षक काय म्हणतो, आणि दुसरी मुले काय म्हणतात, यावरून त्या संघातले वातावरण कळते. जिंकलेल्या करंडकांचे फोटो पाहून ते कळत नाही.

त्यानंतर थेट प्रश्न विचारावेत. पुढच्या वर्षी या संघाला नेमके कोण शिकवणार? त्यांच्याकडे फेडरेशनचा कोणता परवाना आहे? हे परवाने ग्रासरूट्स, म्हणजे प्राथमिक, अभ्यासक्रमांपासून सुरू होऊन पुढे डी, सी, बी, ए असे चढत जातात. ती व्यक्ती एकाच वेळी किती संघ सांभाळते? तीन-चार संघ सांभाळणारा प्रशिक्षक दर शनिवारी कुठल्या तरी एका सामन्याला येऊ शकणार नाही, हे उघड आहे. आपल्याकडे ‘सरांना असं कसं विचारायचं’ हा संकोच असतो. इथे आठ वर्षांचे मूलही त्यांना ‘कोच’ म्हणून पहिल्या नावाने हाक मारते आणि पालकांचे प्रश्न त्यांना अपेक्षित असतात.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत २०१८ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने प्रशिक्षकांवर अत्याचाराच्या संशयाची तक्रार नोंदवण्याचे बंधन आले आहे, आणि खेळांतल्या अत्याचाराच्या तक्रारी हाताळणाऱ्या सेफस्पोर्ट केंद्राचे प्रशिक्षण त्यांना घ्यावे लागते. प्रौढ व्यक्तीची मुलाशी एकट्याने होणारी भेट इतरांना दिसेल आणि कोणालाही मध्ये येता येईल अशीच असावी, असा त्यातला नियम आहे. तो प्रशिक्षकाच्या गाडीतून मुलाला एकटे घरी सोडण्याला आणि खाजगी निरोपांनाही लागू पडतो. प्रशिक्षक कितीही सज्जन वाटला तरी, ‘‘आज तुम्हीच सोडाल का?’’ ही विनंती आपण करू नये.

मैदानावर असतानाच आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. हलवता येणाऱ्या गोलच्या चौकटी मागून वजनाने किंवा खुंट्यांनी जखडलेल्या आहेत का, हे तपासावे. अशा चौकटी अंगावर कोसळून मुले दगावल्याच्या घटना या देशात घडलेल्या आहेत. दुसरे म्हणजे विजेचा नियम. गडगडाट ऐकू आल्यावर मैदान रिकामे करून शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे लागते. पाऊस नसताना खेळ थांबला म्हणून कुरकुरणाऱ्या पालकांत आपण सामील होऊ नये.

पूर्ण खर्च कागदावर मांडावा

रेकचे शुल्क सहसा हंगामाला शंभर ते तीनशे डॉलरच्या आत असते आणि त्यात शर्टही येतो. ट्रॅव्हलचे वार्षिक शुल्क हजारापासून तीन हजारांपर्यंत आणि मोठ्या क्लबांत त्याहूनही वर जाते, पण फसगत होते ती शुल्काबाहेरच्या खर्चात. गणवेशाचा संच वेगळा असतो आणि तो दर दोन वर्षांनी बदलतो. स्पर्धांचे प्रवेशशुल्क, हिवाळ्यातल्या बंदिस्त मैदानाचे भाडे, पंचांचे मानधन आणि प्रशिक्षकांचा प्रवास यांची वर्गणी संघाचा व्यवस्थापक मधून मधून गोळा करतो. काही स्पर्धांत ‘स्टे टू प्ले’ अशी अट असते, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहावे लागते, नातेवाइकांचे घर त्याच गावात असले तरी. म्हणून ‘‘मागच्या वर्षी या संघातल्या एका कुटुंबाने एकूण किती खर्च केला?’’ असा प्रश्न क्लबला न विचारता त्या संघातल्या एखाद्या पालकाला विचारावा.

बरेच क्लब ना-नफा संस्था म्हणून नोंदलेले असतात. अशा मोठ्या संस्थांचे ‘फॉर्म ९९०’ हे वार्षिक विवरण सार्वजनिक असते आणि करखात्याच्या संकेतस्थळावर शोधता येते. प्रमुख पदाधिकाऱ्यांचे वेतन त्यात लिहिलेले असते. तसेच बहुतेक क्लबांकडे आर्थिक साहाय्याचा निधी असतो. एकाच पगारावर चालणाऱ्या घराने त्यासाठी अर्ज करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, आणि अर्ज गोपनीय राहतो का, एवढे तेवढे विचारून घ्यावे.

कागदपत्रे आणि आपल्या घरच्या काही खास गोष्टी

जन्मतारखेचा पुरावा सर्वत्र लागतो. जन्मदाखला केवळ मराठीत असेल तर पासपोर्ट सोबत ठेवावा. मूल अमेरिकेबाहेर जन्मलेले असून दहा वर्षांचे किंवा मोठे असेल, तर ट्रॅव्हल संघात नोंदणी करताना फिफाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय मंजुरी मागितली जाते. अल्पवयीन खेळाडूंच्या देशोदेशी होणाऱ्या व्यापाराला आळा घालण्यासाठी हा नियम आहे, म्हणून कुटुंब खेळासाठी नव्हे तर नोकरीसाठी इथे आले आहे हे दाखवणारी कागदपत्रे त्यात द्यावी लागतात. मंजुरी येईपर्यंत मुलाला अधिकृत सामना खेळता येत नसल्याने, जागा मिळाल्याच्या दिवशीच क्लबच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे याची चौकशी करावी.

पायांना नडगीरक्षक, म्हणजे शिन गार्ड, सक्तीचे आहेत आणि दागिन्यांना पूर्ण बंदी आहे. कानातल्या बाळ्या, हातातला कडा, मनगटाचा काळा दोरा, सारे काढावे लागते, आणि खेळाच्या नियमांत वरून पट्टी चिकटवण्याचीही मुभा नाही. मुलीचे कान टोचायचे राहिले असतील, तर ते नोव्हेंबरच्या अखेरीस, मैदानी हंगाम संपल्यावर टोचावेत, म्हणजे वसंत ऋतूपर्यंत बाळ्या काढण्याजोगी छिद्रे बरी झालेली असतात.

पंचांगही जुळवून पाहावे. शरदाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, म्हणजे गणपती, नवरात्र आणि दिवाळी बहुधा त्यातच येतात. सामने रविवारी असतील तर मराठी शाळेशी थेट गाठ पडते, म्हणून त्या वयोगटाचा सामन्याचा वार कोणता हे होकार देण्याआधी विचारावे. भारतवारीचे तिकीट काढतानाही हे लक्षात असू द्यावे. ट्रॅव्हलचे सराव ऑगस्टमध्येच सुरू होतात, आणि शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी परतलेल्या मुलाचे तोवर दोन-तीन आठवडे बुडालेले असतात. सणासाठी एखादा सामना चुकणार असेल तर व्यवस्थापकाला महिनाभर आधी लिहून कळवावे. आधी कळवलेल्या गैरहजेरीवर कोणी रागावल्याचे मला आठवत नाही.

ट्रायआउट आणि होकार

न्यू जर्सीसारख्या पूर्वेकडच्या राज्यांत ट्रायआउट मुख्यतः वसंत ऋतूच्या अखेरीस होतात आणि दोन-तीन संध्याकाळी चालतात. मुलाच्या पाठीवर क्रमांक लावतात, पालकांना दूर बसवतात. त्याआधी महिनाभर क्लबच्या एखाद्या खुल्या सरावाला मुलाला पाठवता आले तर पाठवावे, कारण अनोळखी चेहऱ्यांत बुजलेले मूल निम्मेच खेळते. निकाल ईमेलने येतो आणि होकारासाठी अनेकदा २४ ते ४८ तासच मिळतात. होकारासोबत भरलेली रक्कम परत मिळत नाही. म्हणून संघात किती मुले घेणार, खेळवण्याच्या वेळेचे धोरण काय आणि एकूण किती स्पर्धा होणार, ही उत्तरे निकालाच्या आधीच लेखी मागून ठेवावीत. नऊ जणांच्या संघात १६ मुले घेतली, तर ६० मिनिटांच्या सामन्यात समान वाटणी केली तरी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३४ मिनिटे येतात. आणि समान वाटणी होईलच असे ट्रॅव्हलमध्ये कोणी सांगत नाही. तीन हजार डॉलर भरून बाकावर बसण्यापेक्षा दुसऱ्या संघात पूर्ण वेळ खेळणे मुलाच्या पायांना अधिक शिकवते.

एकदा नोंदणी झाली की मूल सहसा वर्षभर त्या क्लबशी बांधले जाते, आणि मध्येच बदलायचे असेल तर जुन्या क्लबची संमती व उरलेल्या शुल्काचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे पुढच्या वर्षी राहायचे की नाही, की पुन्हा रेकमध्ये यायचे, हे मुलाला एप्रिलमध्येच, सामना जिंकलेला किंवा हरलेला नसेल अशा एखाद्या साध्या दिवशी विचारावे, आणि त्याने दिलेले उत्तर पटले नाही तरी ट्रायआउटची नोंदणी करण्याआधी ते आठवडाभर मनात राहू द्यावे.